शेवाळातला हायड्रोजन आणि दोन टक्क्यांचा हिशेब

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी दिली, तेव्हा १९ हजार ७४४ कोटी रुपयांचा आकडा राजधानीत बराच गाजला. त्या आकड्याची फोड मात्र तेवढ्या बारकाईने चर्चिली गेली नाही. हायड्रोजनचे उत्पादन करणाऱ्यांना आणि त्यासाठी लागणारे इलेक्ट्रोलायझर बनविणाऱ्या कारखान्यांना प्रोत्साहन म्हणून १७ हजार ४९० कोटी, प्रायोगिक प्रकल्पांसाठी १ हजार ४६६ कोटी, अन्य बाबींसाठी ३८८ कोटी आणि संशोधन व विकासासाठी ४०० कोटी रुपये, अशी ती विभागणी आहे. म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम दोन रुपये नव्या ज्ञानाच्या वाट्याला आले. या दोन रुपयांतही साठवणूक, वाहतूक, इंधनघट, सुरक्षा असे अनेक वाटेकरी आहेत. त्या पंगतीच्या अगदी शेवटच्या पानावर एक विषय बसलेला आहे : हिरव्या शेवाळाकडून, केवळ पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्या बळावर, हायड्रोजन मिळविण्याचा.

हा विषय वरवर पाहता प्रयोगशाळेतला वाटतो. प्रत्यक्षात तो शासनाच्या स्वभावाशी निगडित आहे. ज्या तंत्राचे फळ पाच वर्षांत, म्हणजे एका लोकसभेच्या मुदतीत, हाती येणार नाही हे पक्के ठाऊक आहे, त्यावर सरकारने पैसा खर्च करावा काय? करावा तर किती, कोणत्या खात्यातून आणि कोणत्या कसोटीवर? अभियानाचा पहिला टप्पा २०२५-२६ पर्यंत आणि दुसरा २०२६-२७ ते २०२९-३० असा आखलेला आहे. त्यामुळे हे प्रश्न दुसऱ्या टप्प्याच्या तरतुदींसंदर्भात विचारणे भाग आहे. एकदा रकाने ठरले की त्यात फेरफार करणे किती कठीण असते, हे मंत्रालयांत काम करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

आठ दशकांची वाटचाल

शेवाळ हायड्रोजन सोडते हा शोध नवा नाही. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ हान्स गॅफ्रन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात हिरव्या शेवाळाच्या चयापचयातील हायड्रोजनचा सहभाग ओळखला. १९४२ मध्ये गॅफ्रन आणि रुबिन यांनी अंधारात व प्रकाशात शेवाळातून होणाऱ्या हायड्रोजन निर्मितीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यावेळी हे निसर्गातले एक कुतूहल मानले गेले. खनिज तेलाच्या संकटाने १९७३ नंतर त्या कुतूहलाला ऊर्जेचा अर्थ आला. त्याच वर्षी जॉन बेनेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकाच्या पानांतील हरितकणू आणि जीवाणूंतील विकर एकत्र आणून, जिवंत पेशीशिवायही प्रकाशाच्या साह्याने पाण्यापासून हायड्रोजन मिळविता येतो हे दाखवून दिले.

यामागचे तत्त्व सोपे आहे. प्रकाशसंश्लेषणात वनस्पती पाण्याच्या रेणूचे विभाजन करते. त्यातून प्राणवायू बाहेर पडतो आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. एरवी हे इलेक्ट्रॉन हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनविण्याच्या कामी येतात. काही शेवाळांत मात्र हायड्रोजनेज नावाचे विकर असते. योग्य परिस्थिती मिळाली तर ते हेच इलेक्ट्रॉन वळवून त्यांच्यापासून हायड्रोजन वायू तयार करते. गोड्या पाण्यात आणि ओलसर मातीत आढळणारे क्लॅमिडोमोनस राइनहार्टी हे एकपेशीय शेवाळ या अभ्यासाचे मुख्य साधन ठरले आहे.

अडचण या तत्त्वातच दडलेली आहे. हायड्रोजनेज हे विकर प्राणवायूच्या संपर्कात येताच निकामी होते आणि पाण्याचे विभाजन झाले की प्राणवायू निर्माण होणारच. एकाच पेशीत शेजारी नांदणारी ही दोन यंत्रे एकमेकांची वैरी आहेत. उजेड पडताच शेवाळ काही क्षण हायड्रोजन सोडते आणि स्वतःच निर्माण केलेल्या प्राणवायूने ती क्रिया बंद पाडते. निसर्गाच्या दृष्टीने यात बिघाड काहीच नाही. शेवाळाला वाढायचे असते. माणसाच्या मोटारीसाठी इंधन पुरविण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

या कोंडीतून पहिली व्यवहार्य वाट २००० साली निघाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील अनास्तासिओस मेलिस आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतील मारिया गिरार्डी, मायकेल सायबर्ट आदींनी शेवाळाला गंधकापासून वंचित ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. गंधक नसले की पाण्याचे विभाजन करणाऱ्या यंत्रणेची झीज भरून निघत नाही. प्राणवायूची निर्मिती श्वसनासाठी लागणाऱ्या प्राणवायूपेक्षा कमी होते, बंद भांड्यातला उरलासुरला प्राणवायू सुमारे दिवसभरात संपतो आणि हायड्रोजनेज जागे होते. त्यानंतर साधारण तीन दिवस शेवाळ सलग हायड्रोजन देत राहते. मग ते थकते. त्याला पुन्हा गंधक देऊन सावरावे लागते आणि नंतर हे चक्र पुन्हा फिरवावे लागते.

पुढील वीस वर्षांत या युक्तीवर अनेक कलमे झाली. जर्मनीतील बीलेफेल्ड विद्यापीठाचे ओलाफ क्रूझ आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाचे बेन हँकामर यांच्या गटाने २००५ मध्ये मूळ शेवाळाच्या अनेक पट हायड्रोजन देणारा उत्परिवर्तित वाण पुढे आणला. मेलिस यांनी प्रकाश शोषणारी पेशीतली छत्री आखूड केलेले वाण तयार केले, जेणेकरून वरच्या थरातील शेवाळ सगळे ऊन गिळून खालच्या थराला उपाशी ठेवणार नाही. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये गंधक न तोडता, काही सेकंद प्रकाश आणि काही सेकंद अंधार अशा स्पंदांनी तीन दिवसांपर्यंत निर्मिती चालू ठेवून दाखविली. अलीकडच्या काळात अमेरिका आणि जर्मनीतील गटांनी हायड्रोजनेज थेट प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला जोडण्याचे प्रयोग केले आहेत. प्रगती झाली आहे, यात शंका नाही. प्रश्न तिच्या वेगाचा आहे.

आकडे काय सांगतात

मेलिस यांच्या पद्धतीत एक लिटर द्रावणातून ताशी दोन ते अडीच मिलिलिटर वायू मिळत असे. हजार लिटरची टाकी घेतली आणि ती जराही न थकता दिवसरात्र याच वेगाने चालली असे क्षणभर मानले, तरी एक किलो हायड्रोजन गोळा होण्यास सुमारे २०० दिवस लागतील. एक किलो हायड्रोजनवर इंधनघटाची मोटार साधारण शंभर किलोमीटर धावते. म्हणजे घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीएवढे शेवाळ अर्ध्या वर्षाहून अधिक राबले, तर राजधानीतून निघालेली मोटार हरियाणात पानिपतच्या थोडी पुढे जाऊ शकेल.

दुसरा हिशेब जमिनीचा आहे. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हे अभियानाचे उद्दिष्ट आहे. भारतात एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी पाच युनिट सौरऊर्जा पडते असे धरू. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा सामावलेली असते. शेवाळाने आपल्यावर पडलेल्या ऊर्जेपैकी एक टक्का हायड्रोजनमध्ये उतरविली, तर हेक्टरी वर्षाला साडेपाच टन वायू मिळेल आणि ५० लाख टनांसाठी सुमारे ९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र पारदर्शक बंद टाक्यांनी झाकावे लागेल. हे क्षेत्र रत्नागिरी जिल्ह्याहून मोठे आहे. कार्यक्षमता एक दशांश टक्क्यावर अडकली, तर लागणारे क्षेत्र जवळपास बिहार राज्याएवढे होते. याउलट, सैद्धांतिक कमाल समजली जाणारी दहा टक्क्यांच्या आसपासची मजल खरोखरच गाठता आली, तर हाच आकडा ९०० चौरस किलोमीटरवर, म्हणजे दिल्ली राज्याच्या क्षेत्रफळाच्याही खाली येतो. एक दशांश आणि दहा यांमधले हे शंभर पटींचे अंतर हाच या संशोधनाचा खरा विषय आहे.

सौर पॅनेल आणि इलेक्ट्रोलायझर या जोडीशी तुलना केली की चित्र अधिक स्पष्ट होते. बाजारात सहज मिळणारे पॅनेल उन्हातली सुमारे वीस टक्के ऊर्जा विजेत बदलते. इलेक्ट्रोलायझर त्यातली साधारण दोन तृतीयांश हायड्रोजनमध्ये उतरवितो. म्हणजे ही जोडी आजच तेरा टक्क्यांच्या घरात आहे. शेवाळाने सिद्धांताची कमाल मर्यादा गाठावी आणि तरीही पॅनेलने त्याला मागे टाकलेले असावे, अशी ही स्पर्धा आहे. पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी वर्षाला १० हजार टन हरित हायड्रोजनचा प्रकल्प इलेक्ट्रोलायझरच्या मार्गानेच आखला गेला, याचे कारण समजण्यासारखे आहे. ज्या अधिकाऱ्याला २०३० चे उद्दिष्ट गाठून दाखवायचे आहे, त्याने शेवाळाच्या फाइलीवर वेळ घालवू नये हे त्याच्यापुरते योग्यच ठरते.

तरीही शेवाळाची बाजू अगदीच लंगडी नाही. पॅनेल आणि इलेक्ट्रोलायझर कारखान्यात घडवावे लागतात, त्यांना दुर्मिळ धातू लागतात, त्यांची पुरवठा साखळी मोठ्या प्रमाणावर चीनमधून जाते. शेवाळ स्वतःच स्वतःला वाढविते. त्याच्या विकराच्या केंद्रस्थानी लोखंड आहे. इलेक्ट्रोलायझरच्या एका महत्त्वाच्या प्रकारात लागणारे प्लॅटिनम आणि इरिडियम येथे लागत नाही. सौर सेलच्या तंत्रात भारत उशिरा उतरला आणि त्याची किंमत आयातीच्या रूपाने मोजत राहिला. इलेक्ट्रोलायझरच्या बाबतीत तीच धास्ती असल्याने देशांतर्गत उत्पादनाला प्रोत्साहन देण्याची वेळ आली. तिसऱ्यांदाही दुसऱ्याने शोधलेले तंत्र विकत घेण्याची पाळी यावी काय, हा प्रश्न शेवाळाच्या निमित्ताने विचारणे गैर नाही.

घोषणांचा जुना अनुभव

या प्रश्नाचे उत्तर देताना दिल्लीची स्मरणशक्ती आड येते. हायड्रोजनचे स्वप्न राजधानीने यापूर्वीही पाहिले आहे. राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळाची स्थापना २००३ मध्ये झाली. रतन टाटा यांच्या अध्यक्षतेखालील सुकाणू गटाने तयार केलेला राष्ट्रीय आराखडा २००६ च्या प्रारंभी स्वीकारण्यात आला. अपारंपरिक ऊर्जा खात्याचा स्वतंत्र कार्यभार तेव्हा नागपूरचे खासदार विलास मुत्तेमवार यांच्याकडे होता. २०२० पर्यंत दहा लाख हायड्रोजन वाहने आणि हायड्रोजनवर आधारित एक हजार मेगावॉट वीजनिर्मिती, असे त्या आराखड्याचे लक्ष्य होते. २०२० उजाडले तेव्हा देशातील हायड्रोजन वाहने प्रात्यक्षिकांच्या पलीकडे गेलेली नव्हती. आराखडा फसला म्हणून कोणाला जाब विचारला गेला नाही, कारण तोवर तो कोणाच्या लक्षातही उरला नव्हता. लगेच पुढच्याच वर्षी, २०२१ च्या अर्थसंकल्पात आणि नंतर १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून, नव्या हायड्रोजन अभियानाची घोषणा झाली.

मोगली एरंडाची कथा याहून बोलकी आहे. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य सुचविले आणि त्यासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरवर लागवडीचा हिशेब मांडला. पडीक जमिनीवर, फारशा पाण्याविना, भरपूर तेल देणारे झाड असा त्याचा डांगोरा पिटण्यात आला. पडीक जमिनीवर उत्पन्नही पडीकच येते, हे शेतकऱ्यांना दोन-तीन हंगामांत उमगले. वाणांचे संशोधन आधी आणि लागवड नंतर, हा क्रम उलटा झाला होता. डिझेलमधील मिश्रणाने एक टक्काही ओलांडला नाही.

अमेरिकेचा अनुभवही उद्बोधक आहे. तेथील ऊर्जा खात्याने १९७८ मध्ये शेवाळविषयक मोठा कार्यक्रम हाती घेतला. आरंभी त्याचा भर हायड्रोजनवर होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो द्रव इंधनाकडे वळला. तेल स्वस्त झाले आणि १९९६ मध्ये कार्यक्रम गुंडाळण्यात आला. एकूण खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर, म्हणजे त्या देशाच्या दृष्टीने किरकोळ होता. पण या अवधीत गोळा झालेले वाण, मोजमापाच्या पद्धती आणि प्रशिक्षित माणसे पुढच्या संशोधनाच्या उपयोगी पडली. मेलिस आणि गिरार्डी यांचे यश ज्या वातावरणात घडले, ते अशा छोट्या पण सातत्याच्या खर्चातून तयार झाले होते. भारताने धडा घ्यायचा तो येथे. आपल्याकडे एक तर कोट्यवधी हेक्टरची स्वप्ने पाहिली जातात, नाही तर विषय बासनात बांधला जातो. या दोहोंमधली, वीस वर्षे निगुतीने चालणारी वाट आपल्या प्रशासनाला अजून सापडलेली नाही.

रकान्यांतून निसटलेला विषय

सध्याच्या व्यवस्थेत या विषयाची स्थिती कशी आहे, हे पाहिले की गुंता ध्यानात येतो. शेवाळ हा सजीव असल्याने त्याचे संशोधन जैवतंत्रज्ञान विभागाच्या कक्षेत येते. त्यातून निघणारा वायू नवीन व अक्षय ऊर्जा मंत्रालयाचा. तो वायू सिलिंडरमध्ये भरावयाचा तर परवाना नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा, आणि ती उद्योग खात्याच्या अखत्यारीत. मोटारीत वापरावयाचा तर रस्ते वाहतूक मंत्रालय. या खात्याचे मंत्री नितीन गडकरी ३० मार्च २०२२ रोजी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीतून संसद भवनात आले, तेव्हा छायाचित्रकारांची झुंबड उडाली. इंधनाच्या वापराला असा वाली मिळाला आहे. त्याच्या जैविक निर्मितीला तसा कोणी नाही.

नियमांची भाषाही या मार्गाला पुरती सामावून घेत नाही. हरित हायड्रोजन कशास म्हणावे याची व्याख्या सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये निश्चित केली. एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन होता कामा नये, ही मर्यादा विद्युत अपघटन आणि जैवभार या दोन पद्धतींसाठी स्पष्ट करण्यात आली. अन्य अक्षय मार्गांना व्याख्येने मज्जाव केलेला नाही; पण जिवंत शेवाळाने उन्हात थेट पाण्याचे विभाजन केले, तर त्याचे उत्सर्जन कसे मोजावे याचा मापदंड त्यात नाही. व्याख्येचे दार उघडे आहे, उंबऱ्यावर तराजू मात्र ठेवलेला नाही.

जैवभाराच्या मार्गाला स्वतंत्र रकाना मिळाला, त्याचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. अभियानातील उत्पादन प्रोत्साहनाच्या पहिल्या फेरीत वर्षाला साडेचार लाख टनांच्या निविदा निघाल्या. त्यापैकी ४ लाख १० हजार टन कोणत्याही तंत्राला खुले होते आणि ४० हजार टन जैवभारासाठी राखीव होते. जानेवारी २०२४ मध्ये निकाल लागला तेव्हा खुला हिस्सा पूर्ण भरला. राखीव हिश्श्यात केवळ दोन हजार टन उचलले गेले आणि तेही भारत पेट्रोलियम या सार्वजनिक कंपनीने. किलोमागे पहिल्या वर्षी कमाल पन्नास, दुसऱ्या वर्षी चाळीस आणि तिसऱ्या वर्षी तीस रुपये एवढे प्रोत्साहन देऊनही खासगी उद्योग जैविक मार्गाकडे वळले नाहीत. तंत्र परिपक्व नसताना केवळ अनुदानाने बाजार उभा राहत नाही, एवढा बोध त्यातून निघतो. शेवाळ तर जैवभाराच्याही कितीतरी मागे आहे.

मग संशोधनाचे मोठे कोष आहेत, त्यांच्याकडे बोट दाखविले जाते. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा संमत केला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये आणि त्यातील मोठा वाटा सरकारबाहेरून, असे त्याचे गणित मांडण्यात आले. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. ही रक्कम डोळे दिपविणारी आहे. परंतु ती तंत्रसिद्धतेच्या चौथ्या आणि त्यावरील पायऱ्यांवर पोहोचलेल्या प्रकल्पांसाठी आहे. शेवाळाचा हायड्रोजन त्या पायऱ्यांच्या तळाशी घुटमळतो आहे. हायड्रोजन अभियानाच्या संशोधन आराखड्यात पंधरा वर्षांपर्यंतच्या दूरदृष्टीच्या प्रकल्पांचा वर्ग आहे, ही जमेची बाजू. तथापि ज्या ४०० कोटींतून तो चालवायचा, त्यावर नजीकच्या गरजांचा दाब इतका आहे की पंधरा वर्षांच्या कामाला पाच वर्षांच्या कामापुढे नेहमीच माघार घ्यावी लागेल.

आणखी एक अडसर फारसा बोलला जात नाही. अधिक हायड्रोजन देणारे जवळजवळ सर्व वाण जनुकीय फेरफार केलेले किंवा त्या वाटेवरचे आहेत. प्रयोगशाळेबाहेर, उघड्या आभाळाखाली ते वाढवावयाचे म्हटले की पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम लागू होतात. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली. जनुकीय मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जुलै २०२४ मध्ये परस्परभिन्न निकाल दिले. मार्च २०२२ मध्ये जनुक संपादनाच्या काही प्रकारांना सवलत देण्यात आली, ती वनस्पतींपुरती. एका ठिकाणी स्थिर उभ्या असलेल्या पिकांवरून हा वाद होतो, तर पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या, वाऱ्यावर उडणाऱ्या सूक्ष्म शेवाळावरून तो अधिक तीव्र होणार हे उघड आहे. हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. म्हणूनच त्याची तपासणी कोण व कशी करणार, याचे नियम आधी तयार असावयास हवेत. वाण तयार झाल्यावर नियम शोधू लागणे म्हणजे वरातीमागून घोडे.

काय शक्य आहे

या सर्वांचा अर्थ असा नव्हे की जैविक हायड्रोजनला आज काहीच स्थान नाही. शेवाळाच्या जवळचा, पण बराच सुलभ असा मार्ग आंबवणीचा आहे. जीवाणू अंधारात सेंद्रिय कचरा आंबवितात आणि हायड्रोजन सोडतात. प्राणवायूचे भांडण येथे नाही. मर्यादा वेगळी आहे : ग्लुकोजच्या एका रेणूपासून सिद्धांताने बारा हायड्रोजन रेणू मिळावयास हवेत, प्रत्यक्षात या मार्गाने जास्तीत जास्त चार मिळतात. उरलेली ऊर्जा आम्लांत अडकून राहते. तिच्यापासून मिथेन काढता येतो किंवा प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंकडून आणखी हायड्रोजन मिळविता येतो. भारतीय शास्त्रज्ञ या क्षेत्रात नवखे नाहीत. खरगपूरच्या आयआयटीने यावर दीर्घकाळ काम केले. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने आसवनीच्या सांडपाण्यावर प्रायोगिक संयंत्र चालविले. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने केपीआयटी उद्योगाशी संबंधित सेंटियंट लॅब्जच्या साह्याने शेतातील अवशेषांपासून हायड्रोजन काढण्याची पद्धत विकसित केली. मळी आणि स्पेंटवॉश यांचा प्रश्न ज्या राज्याला वर्षानुवर्षे भेडसावतो, त्या महाराष्ट्राला यात थेट स्वारस्य असायला हवे. राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०२३ मध्ये ८ हजार ५६२ कोटी रुपयांच्या हरित हायड्रोजन धोरणाला मंजुरी दिली. साखर कारखान्यांच्या आवारात आंबवणीची संयंत्रे चालली, तर सांडपाण्याची विल्हेवाट आणि वायू असा दुहेरी लाभ पदरात पडू शकतो. शेवाळाच्या संशोधनाला लागणारी माणसे, उपकरणे आणि शिस्तही याच कामातून घडते.

शेवाळासाठी म्हणून जे करावयाचे, ते तुलनेने अल्पखर्ची आहे. पहिली गोष्ट, दुसऱ्या टप्प्यात दीर्घ पल्ल्याच्या संशोधनाचा हिस्सा वेगळा बांधून ठेवणे, म्हणजे नजीकच्या मागण्या त्यावर हात मारणार नाहीत. दुसरी, एका विभागाला उत्तरदायी ठरविणे. आजच्या रचनेत यश आले तर चार खाती श्रेय घेतील आणि अपयश आले तर फाइल पाचव्याकडे असेल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, कसोटी जाहीर करणे. प्रयोगशाळेतील दिव्याखाली तीन दिवस काय घडले याला महत्त्व कमी द्यावे. भारतातल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, उघड्यावर, सलग वर्षभर एका चौरस मीटरमागे किती ग्रॅम वायू मिळाला आणि तो गोळा करण्यात, पाणी ढवळण्यात, टाकी थंड ठेवण्यात किती वीज खर्ची पडली, हा एकच हिशेब मागावा. ठरावीक वर्षांनी तो संसदेपुढे ठेवावा. एक टक्क्याचा उंबरठा ओलांडला तर पुढची तरतूद, न ओलांडला तर काम थांबविण्याची तयारी, असे आधीच ठरलेले असले म्हणजे संशोधकांचीही दिशाभूल होत नाही आणि जनतेचीही.

विरोधी युक्तिवाद असा केला जातो की, ज्या देशात रुग्णालये आणि शाळा निधीवाचून अडतात, त्याने पाऊण शतकात बाजारात न आलेल्या तंत्रावर पैसे का घालावेत. हा युक्तिवाद हलका समजू नये. परंतु येथे हजारो कोटींची मागणीच नाही. उत्पादन प्रोत्साहनासाठी ठेवलेल्या रकमेच्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे वर्षांमागून वर्षे वाटून सुमारे शंभर कोटी रुपये, या कामाला गती देण्यास पुरेसे ठरतील. गैर ठरेल ते हे काम मोठ्या उद्दिष्टांच्या जाहिरातीत ओढणे. शेवाळाला २०३० च्या ५० लाख टनांत वाटा मागितला, तर मोगली एरंडाचीच पुनरावृत्ती होईल. आधी घोषणा, मग निराशा आणि शेवटी खऱ्या संशोधकांचीही बदनामी, हा क्रम दिल्लीने एकदा पाहिला आहे.

भारतात ऊन मुबलक आहे, शेवाळाच्या जाती विपुल आहेत आणि त्यांचा अभ्यास करणारी माणसेही आहेत. वीस वर्षे एकाच प्रश्नामागे टिकून राहण्याची प्रशासकीय सवय मात्र अद्याप अंगी बाणलेली नाही. अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याचे मूल्यमापन टनांच्या आकड्यांवर होईल, ते स्वाभाविकच आहे. मात्र त्या टप्प्याच्या तक्त्यात संशोधनाचा रकाना दोन टक्क्यांवरच थांबतो की पुढे सरकतो, यावरून पुढील पिढी हायड्रोजनचे तंत्र विकणार की विकत घेणार, हे बऱ्याच अंशी ठरेल.